गिटार नेमकी कुठं फाटते?

लातूर जिल्ह्यातलं एक गाव, गणपतीतला ऑर्केस्ट्रा. माझा सोलो सुरू झाला आणि समोरून साउंडवाल्यानं हात हलवला, "सर, गिटार फाटायलीय!" मी प्रोसेसरचा (गिटारचा आवाज घडवणारा पायाखालचा डबा) मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, खाली आणला. आवाज लहान झाला, पण फाटायचा थांबला नाही. मग त्यानं मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, म्हणजे फेडर, खाली ओढला. आता गिटार हळू आवाजात फाटू लागली.

दिवसा मी बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. लातुरात फिजिक्सच्या मास्तरांना तोटा नाही, आणि त्यातला एक तरी त्या रात्री पायाखालच्या डब्यासमोर साफ नापास झाला.

आवाज फाटतो म्हणजे लाट छताला थडकते. वायरीतून येणारा व्होल्टेज वर-खाली होत असतो आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला त्याच्या उंचीची एक हद्द असते. त्यापलीकडचा शेंडा सपाट कापला जातो. फोडणी करपली की वरून पाणी ओतून आमटी वाढते, करपट वास काही जात नाही. मास्टर आणि फेडर ही आमची दोन भांडी पाणी होती. शेंडे त्याच्या आधीच कुठंतरी कापले गेले होते.

पहिली जागा मिक्सरवरच सापडली. माईक जेमतेम काही मिलिव्होल्ट देतो. गिटारच्या तारांचं कंपन टिपणारा पिकअप शे-दोनशे मिलिव्होल्ट देतो, जोरात छेडली की त्याहून जास्त. प्रोसेसरचं आउटपुट 'लाईन'वर टाकलं की गोष्ट व्होल्टात जाते. स्टुडिओतली प्रमाण लाईन लेव्हल 1.23 व्होल्टची. माझी वायर ज्या चॅनलमध्ये खोचली होती, तिथं संध्याकाळी निवेदकाचा माईक लावून बघितला होता आणि गेनचा, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवण्याचा, नॉब तसाच वर राहिला होता. म्हणजे माईकच्या मानानं शेकडो पट मोठा सिग्नल आम्ही माईकसाठी उघडलेल्या दारातून घुसवत होतो. चॅनलच्या वाटेत गेन आधी लागतो, फेडर नंतर. लाल लाईट पेटली की हात गेनकडे जायला हवा, पण घाईत सगळ्यांचाच हात फेडरवर जातो, कारण तो मोठा असतो आणि बोटाखाली असतो. गेन उतरवला, लाल लाईट विझली.

आणि तरी सोलो फाटतच होता. रिदमचा पॅच, म्हणजे साथीसाठी जुळवून ठेवलेला आवाज, मात्र स्वच्छ. आता दोष माझ्या डब्यातच होता.

डब्यात आवाज एकामागून एक टप्प्यांतून जातो, त्यांना ब्लॉक म्हणतात. सोलो पुढं यावा म्हणून मी ड्राईव्हची (आवाज खरखरीत करणारा ब्लॉक) लेव्हल 6 डेसिबलनं वाढवली होती, ईक्यूमध्ये (बेस-ट्रेबल जुळवणारा) 6, अँपच्या ब्लॉकमध्ये 6. मनात हिशोब एवढाच की थोडं थोडं वाढवलंय. पण डेसिबलची बेरीज ही व्होल्टेजचा गुणाकार असते, आणि 6 डेसिबल म्हणजे जवळपास दुप्पट. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट! हेच मी वर्गात फळ्यावर लिहितो.

आजच्या बऱ्याच प्रोसेसरांत आतलं गणित फ्लोटिंग पॉइंटनं, म्हणजे फार मोठे आकडेही मावतील अशा पद्धतीनं, चालतं, त्यामुळं ब्लॉक-ब्लॉकमध्ये आकडा फुगला तरी तिथं बिघडत नाही. अडतं ते बाहेर पडताना. आकड्यांचा परत व्होल्टेज करणाऱ्या 24 बिटच्या कन्व्हर्टरला 1,67,77,216 पायऱ्या असतात. शेवटच्या पायरीला शून्य डेसिबल म्हणतात आणि तिच्या वर काहीच नाही. माझ्या डब्यात मास्टरचा नॉब या कन्व्हर्टरच्या नंतर बसतो, म्हणून तो फिरवून काही उपयोग झाला नाही.

हे डिजिटल फाटणं कानाला जास्त टोचतं, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. व्हॉल्व्हचा अँप शेंडा गोलसर दाबतो. इथं तो कात्रीनं कापल्यासारखा सपाट होतो आणि वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, भरभरून तयार होतात. सेकंदाला 48,000 नमुने घेणाऱ्या यंत्राला 24,000 हर्ट्झच्या वरचं काही मांडताच येत नाही; ते दुमडून खाली येतं. 1,100 हर्ट्झच्या सुराचा 41 वा हार्मोनिक 45,100 वर पडायला हवा, तो 2,900 वर येऊन बसतो. 2,900 हा 1,100 च्या कुठल्याच पटीत नाही. म्हणजे सुराशी नातं नसलेला पाहुणा मांडवात येऊन बसला. हार्मोनिक जितका वरचा तितका तो क्षीण, पण असे पाहुणे एक-दोन नसतात.

उपाय ब्लॉकमध्येच करावा लागतो: सर्वात जोरात वाजवल्यावरही पॅचचा शेंडा शून्याच्या साधारण 12 डेसिबल खाली राहावा. "मीटर भरलेलं दिसलं पाहिजे" असं काही जुने वादक सांगतात. 16 बिटच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. एक बिट सुमारे 6 डेसिबलचा, तेव्हा 12 डेसिबल मोकळे सोडले की दोन बिट गेले. 16 पैकी दोन जाणं खटकायचं, 24 पैकी दोन गेले तर जनरेटरच्या घरघरीत कुणाला कळणार?

पण मीटरवर सगळे पॅच सारखे दिसले म्हणून कानाला सारखे लागत नाहीत. क्लीन सूर छेडताक्षणी उसळतो आणि ओसरतो. डिस्टॉर्शनमध्ये तो दाबून सपाट झालेला असतो. शेंडा तेवढाच ठेवून साध्या साइन लाटेची चौकोनी लाट केली, तर तिची शक्ती दुप्पट भरते. म्हणून पॅचची तुलना कानानंच करायची, आणि तीही स्टेजच्या आवाजात. मी घरी पोरगी झोपल्यावर हेडफोनमध्ये, अगदी हळू आवाजात पॅच बनवतो. हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी 1933 सालीच मोजून दाखवलं होतं. रात्री मला बेस कमी वाटला, मी वाढवला, आणि गावात तोच ढोलासारखा घुमला. शिवाय छताखालची मोकळी जागाही त्यानंच खाल्ली.

आता कार्यक्रमाआधी प्रोसेसर बायपास करतो, म्हणजे त्याचे इफेक्ट बंद ठेवून गिटार सरळ जाऊ देतो, चार कॉर्ड वाजवतो, मग एकेक पॅच चालू करून बायपासशी ताडून बघतो. सोलोला चार-पाच डेसिबल जास्त, तेही एकाच ठिकाणी, अगदी शेवटच्या ब्लॉकमध्ये. साउंडवाला चहा पीत माझ्याकडं बघतो. "सर, किती येळ वाजवताव ते एकच?"
"गेन कुठं ठेवलाय?"
"जिथं तुमी चिकटपट्टी लावली तिथंच."