सस्पेन्शन लिफ्ट आणि मोठे टायर

सस्पेन्शन लिफ्ट : गाडीच्या स्प्रिंगांत किंवा स्प्रिंगांच्या आधारांत बदल करून चासी (गाडीचा सांगाडा) एक्सलपासून, म्हणजे चाके धरणाऱ्या आडव्या दांड्यापासून, वर उचलण्याची पद्धत. अशा उचललेल्या गाडीला बहुधा मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवतात. किंबहुना टायर मोठे बसवायचे असतात म्हणूनच गाडी उचलली जाते. ही हौस अमेरिकेतली आणि प्रामुख्याने फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप ट्रकची. अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे आपल्याकडचा मालट्रक नव्हे. मागे उघडा हौदा असलेली, घरोघरी वापरली जाणारी पिकअप. त्यातही जुन्या पिकअपना या कामात विशेष मान आहे. त्यांना पुढेही सलग, म्हणजे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकसंध, एक्सल असतो, दोन्हीकडे पाटे (पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या स्प्रिंगा) असतात, आणि बरेचसे काम पाने, जॅक व घोड्यांवर (गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर) घरच्या अंगणात उरकते. या नोंदीत उदाहरणासाठी शेव्हरोलेची १९७३ ते १९८७ या पिढीची के१० पिकअप घेतली आहे. चौकोनी बांध्यामुळे हौशी लोक तिला ‘स्क्वेअरबॉडी’ म्हणतात. तिला चार इंच लिफ्ट आणि ३३ इंची टायर ही जोडी इतकी रूढ आहे की बाकीचे सगळे बेत तिच्याशीच ताडून पाहिले जातात.

लिफ्टविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. लिफ्टमुळे गाडी दगडांवरून अधिक सहज जाते, असे धरून चालतात. प्रत्यक्षात सलग एक्सलच्या गाडीत सर्वांत खाली लोंबणारा भाग म्हणजे डिफरन्शियलचा (इंजिनाचा जोर दोन चाकांना वाटणाऱ्या दातचक्रांचा) गोळा, आणि तो एक्सलवरच असतो. स्प्रिंग चार इंच उंच केली तरी एक्सल जिथे होता तिथेच राहतो. वर जाते ती चासी आणि बॉडी. एक्सल जमिनीपासून वर नेण्याचे काम फक्त टायर करतो, तेही व्यासात जेवढी वाढ झाली तिच्या निम्म्याने. चाकाच्या कमानीत मोठ्या टायरला जागा करून देणे, हे लिफ्टचे खरे काम. शिवाय बंपर वर गेल्याने चढाच्या तोंडाशी गाडीचे नाक टेकत नाही, हा एक फायदा उरतो.

हिशेब असा. के१०ला २३५/७५ आर १५ हे माप सर्रास असे. २३५ मिमी रुंदीच्या ७५ टक्के म्हणजे सुमारे १७६ मिमी ही टायरच्या भिंतीची उंची. ती वर व खाली दोनदा धरायची आणि त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिमी मिळवायचे. व्यास येतो सुमारे ७३४ मिमी, म्हणजे २८.९ इंच. ३३ इंची टायरचा व्यास ८३८ मिमी. फरक चार इंचांचा, म्हणून डिफरन्शियलखालची जागा वाढते ती जेमतेम दोन इंच. पायरी मात्र सहा इंच उंच होते, आणि घरातल्या ज्येष्ठांना गाडीत चढवताना ते पहिल्याच दिवशी कळते.

या छंदाला गती आली १९७०च्या दशकात. फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप तेव्हा शेत, जंगल आणि खाणकामाच्या बाहेर, हौशी ग्राहकांपर्यंत पोहोचू लागल्या होत्या. मिझुरी राज्यातील बॉब चँडलर यांनी १९७४च्या फोर्ड एफ-२५० पिकअपला चढत्या मापाचे टायर लावत ‘बिगफूट’ तयार केली. १९८१मध्ये तिने जुन्या मोटारी चिरडून दाखवल्या आणि ‘मॉन्स्टर ट्रक’ नावाचा तमाशाच जन्माला आला. साध्या पिकअपची लिफ्ट आणि मॉन्स्टर ट्रक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दोन्हींमागची ओढ एकच. चिखल कधी न पाहिलेल्या उंच पिकअप अमेरिकेच्या उपनगरांत भरपूर दिसतात. त्यांना चेष्टेने ‘मॉल क्रॉलर’ म्हणतात.

पाट्यांच्या गाडीला उंची देण्याचे मार्ग अनेक. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे जास्त कमान असलेले नवे पाटे घालणे. जुन्या गाडीत हे तसेही फायद्याचे असते, कारण तीस-चाळीस वर्षांत मूळ पाटे बसलेले असतात. नव्या पाट्यांनी मिळालेल्या उंचीतला काही भाग हा हरवलेली उंची परत आल्याचा असतो. दुसरा मार्ग ठोकळ्यांचा : एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा ठेवून लांब यू-बोल्टने आवळायचे. स्वस्त आणि झटपट काम. मागच्या एक्सलला हे चालते, मात्र ठोकळा जितका उंच तितका एक्सल पाट्याला पिळतो. जोरात गाडी काढली की पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वळतो आणि मागचा भाग टपटप उडतो. पुढच्या एक्सलला ठोकळा कदापि लावू नये. ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा भार तिथेच येतो, आणि ठोकळा निसटला तर गाडीला दिशाच राहत नाही. एकावर एक ठोकळे रचणे हाही तितकाच घातक प्रकार आहे. तिसरा मार्ग शॅकलचा, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचा. पाट्याचे एकच टोक शॅकलवर असल्याने शॅकल दोन इंच लांब केली तर उंची एकच इंच मिळते. के१०च्या मागच्या बाजूला शॅकलची जागा उलटवून चारेक इंच मिळवण्याची युक्ती प्रचलित आहे. तीत ठोकळा लागत नाही, म्हणून जाणकार ती पसंत करतात.

बॉडी लिफ्ट ही याहून वेगळी गोष्ट. तिच्यात सस्पेन्शनला हात न लावता चासी आणि बॉडी यांच्यामध्ये गुटके घालतात. टायरला जागा मिळते, पण बंपर आणि बॉडी यांच्यात फट दिसते, आणि गिअरची दांडी व स्टिअरिंगचा दांडा पुन्हा जुळवावे लागतात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या, म्हणजे प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणाऱ्या, गाड्यांचे दुखणे निराळे. टोयोटाच्या अमेरिकेतील फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला १९७९पासून १९८५पर्यंत पुढे सलग एक्सल होता. १९८६च्या मॉडेलपासून टॉर्शन बारचे (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याचे) स्वतंत्र सस्पेन्शन आले. टॉर्शन बार पिळून पुढची बाजू उचलता येते, पण चाक खाली जायला वाव उरत नाही, गाडी आदळत चालते आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरक्या कोनात फिरून लवकर झिजतात. सलग एक्सलच्या १९८५पर्यंतच्या टोयोटा हौशी लोक आजही शोधत फिरतात, ते याचमुळे.

कामाचा क्रम पाहायला सोपा आहे. गाडी चासीखाली घोड्यांवर घ्यायची, एक्सल जॅकवर तोलायचा, शॉक अ‍ॅब्झॉर्बर सोडायचे, यू-बोल्ट काढायचे, जुने पाटे उतरवायचे, नवे चढवायचे. जुन्या गाडीत या प्रत्येक पायरीला गंज आडवा येतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतली गाडी असेल तर पाट्याच्या बुशातला (टोकाच्या रबरी अस्तरातला) बोल्ट आतल्या नळीशी एकजीव झालेला असतो. दोन दिवस तेल सोडत राहावे लागते. तरी न निघाल्यास गॅस कटर किंवा ग्राइंडर. यू-बोल्ट मात्र नेहमी नवे घ्यावेत. एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणला गेलेला असतो आणि दुसऱ्यांदा तो तितकी पकड देत नाही. पाट्याच्या डोळ्यातले बोल्ट घोड्यांवर असताना फक्त हाताने लावायचे, आणि गाडी चाकांवर उतरून तिचे वजन पाट्यांवर आल्यावरच आवळायचे. आधी आवळले तर रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो व फाटतो. ही चूक नवख्यांकडून हमखास होते.

पाटे बदलणे हा कामाचा निम्मा भाग. उरलेला निम्मा आहे तो चार इंचांनी ज्या ज्या गोष्टी आता तोकड्या किंवा तिरक्या झाल्या त्यांचा. ब्रेकचे रबरी होज ताणले जातात. चाक पूर्ण लोंबल्यावर होज तुटणार नाही इतके लांब होज किंवा खाली सरकवलेली त्यांची पकड लागते. शॉक अ‍ॅब्झॉर्बर जास्त लांबीचे घ्यावे लागतात. स्टिअरिंगचा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, के१०मध्ये स्टिअरिंग गिअरबॉक्सकडून पुढच्या डाव्या चाकाच्या नकलकडे (एक्सलच्या टोकाशी चाकासह वळणाऱ्या भागाकडे) जातो. गिअरबॉक्स चासीबरोबर वर गेला आणि नकल खालीच राहिला, की हा दांडा उतरता होतो. मग खड्ड्यात चाक वर-खाली झाले तरी गाडी आपोआप वळते. यावर नकलवर उंच केलेली स्टिअरिंग आर्म बसवतात. याच गाडीत स्टिअरिंग गिअरबॉक्स जिथे चासीला लागतो तिथे तडे जाण्याची खोड आहे. मोठ्या टायरमुळे तिथला ताण वाढतो, म्हणून लिफ्टच्या आधी ती जागा घासून पाहणे आणि पट्टी लावून घेणे शहाणपणाचे.

खरी पंचाईत प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर एक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, कोनाची. शाफ्टच्या दोन्ही टोकांना साधा क्रॉस (कोनात फिरू देणारा सांधा) असेल, तर ट्रान्सफर केसचा (जोर पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणाऱ्या पेटीचा) दांडा आणि डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्ट जोडला जातो ते दातचक्र) एकमेकांना समांतर हवेत. नाहीतर क्रॉस दर फेऱ्याला झटके देतो आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरते. मागे पाचरीसारखी पट्टी घालून एक्सल थोडा फिरवता येतो आणि काम भागते. पुढे मात्र दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पिनियनचे तोंड वर करावे तर एक्सल फिरतो, आणि एक्सलला जोडलेले नकलही त्याच्याबरोबर फिरून कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकाव) कमी होतो. कॅस्टर कमी झाला की सरळ रस्त्यावर गाडी भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. महामार्गावर चालवायची गाडी असेल तर कॅस्टर सांभाळावा आणि पुढच्या शाफ्टचा थोडा थरथराट सोसावा. पुढचा शाफ्ट एरवी फिरतोच कुठे? मोकळ्या होणाऱ्या हबांच्या (चाकांच्या तुंब्यांच्या) गाडीत तो फोर-व्हील लावल्यावरच फिरतो.

टायरच्या रुंदीकडे कमी लक्ष दिले जाते. ३३ × १२.५० आर १५ (व्यास, रुंदी व रिम, इंचांत) या मापाला ८.५ ते ११ इंच रुंदीची रिम लागते. ३३ × १०.५०ला ७ ते ९ इंच पुरतात. त्यामुळे कारखान्यातून आलेल्या आठ इंची रिमवर अरुंद टायर नियमात बसतो, रुंद बसत नाही. तरीही पुष्कळ लोक तो चढवतात. रुंद टायर पूर्ण वळवल्यावर आत पाट्याला आणि बाहेर फेंडरच्या कडेला घासतो. फेंडर कापण्याची पाळी येते ती बहुतेकदा उंचीमुळे नव्हे, या रुंदीमुळे. चिखलात अरुंद टायर खालच्या कठीण थरापर्यंत उतरतो, वाळूत रुंद टायर तरंगतो. कोणता चांगला हा वाद जुना आहे.

टायर मोठा झाला की इंजिनाला तो दर फेऱ्यात जास्त अंतर ओढावा लागतो. २८.९ वरून ३३ म्हणजे सुमारे १४ टक्के वाढ. १९८०च्या दशकातल्या कित्येक के१०ना इंधन वाचवण्यासाठी ३.०८ गुणोत्तराचे (शाफ्टच्या ३.०८ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा) डिफरन्शियल दिले होते. ३३ इंची टायरवर ते २.७०सारखे वागते आणि चढावर गाडी धापा टाकते. मूळ जोर परत आणायला ३.५२च्या आसपास गुणोत्तर हवे, म्हणून ३.७३ची दातेरी जोडी बसवतात. ती पुढच्या व मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये सारखीच हवी. नाहीतर फोर-व्हील लावताच पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस मोडते. हा खर्च लिफ्टच्या किटपेक्षा जास्त होऊ शकतो, आणि बेत आखताना तो बहुधा धरलेला नसतो. स्पीडोमीटर १०० दाखवील तेव्हा गाडी ११४ने धावत असते. केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे दातचक्र बदलून तो दुरुस्त होतो. ब्रेकला अशी सोय नाही. टायरची त्रिज्या वाढली तेवढा ब्रेकचा जोर कमी पडतो, आणि जड चाक थांबवायलाही अधिक कष्ट लागतात.

गाडी कलंडण्याचा धोका अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनात एका साध्या अंकाने मोजतात : दोन चाकांमधील रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा रुंदी ६६ इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंचांवर आहे, तर अंक १.१८ येतो. तोच गुरुत्वमध्य ३३ इंचांवर गेला की अंक होतो १.०. उंचीवर कायद्याची मर्यादा राज्यागणिक वेगळी. कॅलिफोर्नियात ती चासीच्या उंचीवर आहे; भारासह ४,५०१ ते ७,५०० पौंड वजनाच्या पिकअपला ३० इंच. शिवाय बॉडीचा तळ चासीच्या वर पाच इंचांहून अधिक असता कामा नये. फक्त पुढची बाजू उचलून मागची बसकी ठेवण्याच्या ‘कॅरोलायना स्क्वॉट’ या फॅशनवर नॉर्थ कॅरोलायनाने २०२१मध्ये बंदी आणली आणि साउथ कॅरोलायनानेही २०२३मध्ये तोच मार्ग धरला. अशा गाडीच्या चालकाला बॉनेटपुढचा रस्ताच दिसत नाही.

भारतात पाट्यांची कारागिरी जुनी आहे, पण ती भारासाठी. महाराष्ट्रातला ट्रकमालक पाटे वाढवतो ते जास्त माल वाहण्यासाठी. उंचीसाठी लिफ्ट करण्याची हौस जीप, जिप्सी आणि नाशिकला बनणाऱ्या थारपुरती. विलीज परंपरेच्या जीपमध्ये आणि मारुती जिप्सीत पाटे एक्सलच्या खालून जातात. ते एक्सलच्या वर घेतले की नवे पाटे न घालताही भरपूर उंची मिळते. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

लिफ्टनंतरचे पहिले ५०० मैल गाडी परीक्षेत असते. नवे पाटे थोडे बसतात, त्यामुळे यू-बोल्ट सैल पडतात. ते पुन्हा आवळावे लागतात आणि त्यानंतरच व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. हेडलाइटही खाली वळवावे लागतात, नाहीतर ते समोरच्या मोटारीच्या काचेत घुसतात. काम एका स्क्रूचे आहे. रात्री समोरून येणाऱ्या उंच पिकअप पाहिल्या तर ते किती जण करतात हे लगेच कळते.