‘स्वस्तातला पिक्चर, म्हणून चित्र धुरकट’? न्हवं!

शहापुरातल्या व्हिडिओ लायब्रऱ्या बंद पडल्या, पण तिथलं एक मत अजून निपाणी-खानापूरपर्यंत फिरतंय: ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ कमी पैशांत काढला, म्हणून तो धुरकट दिसतो.

१९६८चा हा भयपट सुमारे १,१४,००० डॉलरांत झाला, हे खरं. पण तो ३५ मिमी फिल्मवर, म्हणजे थेटरातल्या मोठ्या पिक्चरांच्याच फिल्मवर घेतलाय. निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातनं निघालेल्या मूळ फिल्ममध्ये, तपशील भरपूर आहे.

घोळ झाला कागदावर. आयत्या वेळी नाव बदललं आणि नव्या शीर्षकपाटीवर कॉपीराइटची ओळच टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानं हक्क गेले. मग ज्याला जमेल त्यानं कॅसेटी काढल्या. झिजल्या प्रिंटवरून, कॅसेटवरून कॅसेट. आमच्या गल्लीतल्या कॅसेटीत तळघराच्या प्रसंगात माणूस कुठला नि भिंत कुठली, कळायचंच नाही. आम्ही त्यालाच भीती समजलो की!

२०१६ साली मुख्यतः मूळ निगेटिव्हवरून ४के (खूप बारीक तपशिलाचा डिजिटल) जीर्णोद्धार झाला. त्यात दाणे दिसतात, ते दिसायलाच हवेत. फिल्मवरचं चित्र बारीक दाण्यांचंच बनलेलं असतं. डिस्क घेताना अंधाराचे प्रसंग बघा. काळ्यात छटा दिसल्या तर घ्या, दाणे पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसले तर ठेवा परत.