तान्हं बाळ, अर्धी झोप आणि १६ किलोमीटर हवा

सायकलच्या दुकानात वेगाचा विषय निघाला की बोलणं वजनावर येतं. एक किलो कमी व्हावं म्हणून माणसं हजारो रुपये मोजतात. घाट चढताना त्या किलोला किंमत आहे, पण सपाट रस्त्यावरच्या टाइम ट्रायलमध्ये ती जवळजवळ शून्य आहे. घरात तान्हं बाळ, सरावाला आठवड्याचे तीन तास आणि खिशाला डायपरचा खर्च असलेल्या हौशी सायकलपटूने हा हिशेब आधी समजून घ्यावा.

टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाशी एकट्याची शर्यत. स्पर्धक एकेका मिनिटाच्या अंतराने सुटतात आणि दुसऱ्याच्या मागे दडून वारा चुकवायला मनाई असते. ब्रिटनमध्ये १८९०च्या दशकात फ्रेडरिक बिडलेक यांनी हा प्रकार रूढ केला. तिथले क्लब आजही उन्हाळ्यात आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी दहा मैलांची, म्हणजे १६.१ किलोमीटरची ट्रायल घेतात. नव्या आईबापांना हेच अंतर सोयीचं, कारण दोन दुधांच्या वेळांमध्ये जाऊन येता येतं. खालचे आकडे याच अंतराचे आहेत. स्वार ७५ किलोचा, सायकल व इतर सामान १० किलो आणि रस्ता सपाट धरला आहे.

ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग घ्या. नेहमीच्या वाकड्या हँडलच्या सायकलवर हात खाली धरून बसलेल्या माणसाला हा वेग टिकवायला सुमारे २६० वॅट लागतात. त्यातले साधारण २१० वॅट हवा बाजूला सारण्यात जातात, ४२ टायरच्या लोळण्यात आणि उरलेले साखळीत. आता तोच माणूस एरो बारवर, म्हणजे हँडलला पुढे जोडलेल्या दांड्यांवर, कोपरं टेकवून, पाठ आडवी करून बसला तर तेच २६० वॅट त्याला ताशी ४० किलोमीटर नेतात. १६.१ किलोमीटरला आधी २६ मिनिटं ४९ सेकंद लागत होते, आता २४ मिनिटं ८ सेकंद. पाय तेच, फुप्फुसं तीच, वाचले २ मिनिटं ४१ सेकंद. याच वेगाला सायकल एक किलोने हलकी केली तर वाचतो जेमतेम सव्वा सेकंद.

असं का होतं? हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याच्याशी झगडायला लागणारी शक्ती घनाने. पण खरी गंमत रोध निर्माण कुठे होतो यात आहे. पुष्कळांना वाटतं, हवा छातीवर आपटते म्हणून अडवते. ते अर्धंच खरं. हवा शरीराला वळसा घालून मागे जाते, पण पाठीच्या, दंडाच्या, मांडीच्या मागच्या बाजूला तिला शरीराला चिकटून राहणं जमत नाही. ती सुटते, मागे भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो आणि तिथला दाब पुढच्यापेक्षा कमी असतो. पुढे जास्त दाब, मागे कमी दाब: या फरकानेच स्वार मागे खेचला जातो. सायकलस्वारावरच्या रोधाचा मोठा वाटा या दाबाच्या फरकाचा असतो, कातडीवर घासणाऱ्या हवेचा फार थोडा.

म्हणून मग प्रश्न उरतो की हवेला उशिरा सुटायला कसं लावायचं. क्रिकेट पाहणाऱ्याला याचं उत्तर अर्धं ठाऊक आहे. नव्या चेंडूच्या शिवणीवरून जाणाऱ्या हवेचा कातडीलगतचा पातळ थर, ज्याला सीमास्तर म्हणतात, खळबळतो. खळबळलेला थर वरच्या वेगवान हवेतून ऊर्जा घेत राहतो, म्हणून चेंडूला जास्त वेळ चिकटतो आणि त्या बाजूला उशिरा सुटतो. गुळगुळीत बाजूचा शांत थर लवकर दमतो आणि आधी सुटतो. दोन बाजूंच्या या फरकाने चेंडू स्विंग होतो. सायकलपटूच्या स्किनसूटच्या, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या अखंड पोशाखाच्या, दंडावर बारीक रेघांचं खरखरीत कापड असतं ते याचसाठी. दंड साधारण १० सेंटिमीटर जाडीचा नळकांडा धरला, तर सेकंदाला ११ मीटर वेगात त्याचा रेनॉल्ड्स अंक (वेग, जाडी आणि हवेचा चिकटपणा यांवरून थर शांत राहील की खळबळेल हे सांगणारा आकडा) ७० हजारांच्या आसपास येतो. गुळगुळीत नळकांड्यावरचा थर आपण होऊन खळबळायला हा अंक दोन-तीन लाखांवर जावा लागतो. खरखरीत कापड तो उंबरठा खाली आणतं. मांडी जाड असते आणि सतत हलते, तिथे गणित वेगळं पडतं. म्हणून सगळा सूट एकाच कापडाचा नसतो.

१९८९च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस व्हर्साय ते पॅरिस अशा २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलचा होता. लॉरें फिन्यों एकूण वेळेत ५० सेकंदांनी पुढे होता. ग्रेग लेमाँडने एरो बार आणि निमुळतं हेल्मेट वापरलं, फिन्यों उघड्या डोक्याने, मागे केसांची शेंडी बांधून धावला. लेमाँड त्या दिवशी ५८ सेकंदांनी सरस ठरला आणि पूर्ण टूर ८ सेकंदांनी जिंकला. त्या दिवशी दोघांच्या पायांतही फरक असेल, पण एरो बार तेव्हापासून सगळीकडे गेले.

आता घरचं काम. क्लिपने बसणारे एरो बार साध्या सायकलवर चढतात. कोपरांचे पॅड आधी खांद्यांच्या आतल्या रेषेत घ्या, मग हँडल एकेका सेंटिमीटरने खाली आणा आणि प्रत्येक बदलानंतर तीन-चार सराव जाऊ द्या. फार खाली गेलात तर पेडल वर असताना मांडी पोटाला भिडते, कमरेचा कोन मिटतो, आणि हवेत वाचवलेले वॅट पायांत जातात. त्यावर उपाय म्हणजे सीट थोडी पुढे सरकवणं, किंवा आखूड क्रँक, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा. १७२.५ऐवजी १६५ मिलिमीटरचा क्रँक लावून सीट ७.५ मिलिमीटर वर घेतली की वरच्या टोकाला मांडीला १५ मिलिमीटर जागा मिळते. डोकं कासवासारखं खांद्यांत ओढून घ्यायची सवय लावा. डोक्याच्या आणि खांद्यांच्या ठेवणीने रोधाचं क्षेत्र (समोरचं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा गुणांक) ०.२५ चौरस मीटरवरून ०.२४ झालं, तरी या अंतरात १७-१८ सेकंद मिळतात. फडफडणारा जर्सी नंबर चारही बाजूंनी चिकटवा, बाटली घरी ठेवा. चांगले लवचीक टायर आणि लेटेक्स ट्यूब यांनी लोळण्याचा गुणांक ०.००५वरून ०.००४ झाला तर आणखी २० सेकंद. टायर दगडासारखे फुगवू नका: खडबडीत डांबरावर जास्त दाबाचा टायर सायकल-स्वाराला हादरवतो आणि ती ऊर्जा शरीरात विरून जाते.

बसण्याची सवय घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, बाळ झोपलं असताना लागते. दोन गोष्टी सांभाळा. शरीराची कार्यक्षमता जेमतेम २४ टक्के असल्याने २६० वॅट काढताना ८०० वॅटहून जास्त उष्णता बाहेर पडते. बंद खोलीत एक पंखा पुरत नाही, दोन लावा. आणि रांगणारं मूल जागं असेल तेव्हा ट्रेनर चालवू नका, फिरत्या चाकात बोट गेलं तर क्षणात तुटतं. ट्रेनरवर तोल सांभाळायला मात्र शिकता येत नाही, ते रस्त्यावरच. एरो बारवर हात ब्रेकपासून दूर असतात, तेव्हा गतिरोधक, कुत्री आणि रिक्षा असलेल्या आपल्या रस्त्यांवर पहाटेची मोकळी वेळ सोडून तसं बसू नये.

वेळ कमी पडतो म्हणून सगळं बुडत नाही. १९८०च्या दशकात संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी लोकांकडून दहा आठवडे कसून सराव करवून घेतला आणि मग तो कापला. आठवड्याचे सहा दिवस दोनवर आणले किंवा ४० मिनिटं १३वर आणली, तरी तीव्रता तीच ठेवल्यावर कमाल ऑक्सिजन वापर १५ आठवडे टिकला. तीव्रता कमी केली तेव्हा तो घसरला. १३ मिनिटांवाल्यांची लांब पल्ल्याची दमछाक मात्र वाढली. तेव्हा आठवड्यात ८ मिनिटांचे तीन कडक तुकडे असलेला एक सराव, ३ मिनिटांचे पाच तुकडे असलेला दुसरा, आणि जमलं तर दीड तासाची निवांत फेरी. रात्री चार वेळा उठलेल्या दिवशी कडक सराव सोडून द्या.

बाळंतपणानंतरच्या आईसाठी हे वेळापत्रक लगेच लागू नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासून घेतल्याशिवाय खाली वाकलेली बैठक घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्त लागतात, सरावाचं खाणं त्यावर वेगळं. शर्यतीआधी पाजून किंवा दूध काढून निघालं की वाकून बसणं सुसह्य होतं.

एका रात्रीच्या जागरणाने स्नायूंची कमाल ताकद फारशी घटत नाही, बदलतो तो श्रमाचा अंदाज: तेच २५० वॅट जास्त जड वाटतात. शर्यतीच्या सुरुवातीची काही सेकंदं मात्र स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे झटपट वापरता येणाऱ्या ऊर्जेच्या साठ्यावर, फुकट मिळाल्यासारखी जातात, पाय हलके वाटतात आणि माणूस ३५० वॅटवर सुटतो. चौथ्या मिनिटाला त्याचं व्याज भरावं लागतं. पॉवर मीटर असेल तर पहिली दोन मिनिटं ठरवलेल्या सरासरीखाली राहा. नसेल तर पहिल्या एक तृतीयांश अंतरात तीन-चार शब्द बोलता यायला हवेत. नाडीवर विसंबू नका, ती मिनिटभर मागे चालते.

बाजारात याच थकलेल्या माणसांना रक्ताभिसरण वाढवणारी चुंबकी कडी विकली जातात. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाकडे ओढलं जात नाही. एमआरआयच्या दीड-तीन टेस्लांच्या चुंबकात झोपलेल्या माणसाचं रक्त एका जागी गोळा होत नाही, मग कड्याने काय होणार? उपयोगाची, तपासलेली आणि स्वस्त गोष्ट म्हणजे कॅफिन, किलोमागे ३ मिलिग्रॅम, तासभर आधी. पाजणाऱ्या आईने ते डॉक्टरांना विचारून.

शेवटी वारा. जाऊन परत येण्याच्या मार्गावर जाताना ताशी ३५ आणि येताना ४५ पडले, तर सरासरी ४० येत नाही, ३९.४ येते, आणि २३ सेकंद जातात. कारण हळू वेगात तुम्ही जास्त वेळ काढता. म्हणून २६० सरासरी ठरवली असेल तर वाऱ्याविरुद्ध २७०-२७५, वळण घेतल्यावर २४५-२५०. परतीला पाठीशी वारा असतो, पाय मोकळे वाटतात आणि डोकं नकळत वर येतं. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये जोर वाढवण्याआधी ते पुन्हा खांद्यांत ओढून घ्या.