जखिणवाडीची भेट

सातारकर छत्रपती शाहू महाराज आणि त्यांचे चुलत बंधू कोल्हापूरकर छत्रपती संभाजी महाराज यांची कराडनजीक जखिणवाडी (जि. सातारा) येथे १७३१ मध्ये झालेली समेटाची भेट. पुढे याच दोघांत झालेला वारणेचा तह प्रसिद्ध आहे. भेटीस मात्र बहुतेक ग्रंथांत एखादी ओळच मिळते.

दोन गाद्यांचे वैर सर्वश्रुत आहे. संभाजी महाराज निजामास मिळाले होते. पालखेडच्या पराभवाने (१७२८) निजामाचा आधार सुटला, तरी बत्तीस शिराळ्याच्या उदाजी चव्हाणांच्या साथीने त्यांनी झुंज चालू ठेवली. १७३० मध्ये वारणाकाठी शाहूंच्या प्रतिनिधींनी (हे राज्यातील प्रधानाचे पद) त्यांचा तळ लुटला. संभाजींच्या सावत्र आई ताराबाई, पत्नी जिजाबाई आदी राजस्त्रिया हाती लागल्या. शाहूंनी त्यांचा मान राखून पन्हाळ्यास पाठवणी केली. १७१४ पासून तेथे नजरकैदेत असलेल्या ताराबाई मात्र आपण होऊन साताऱ्यास राहिल्या.

भेटीची तारीख २७ फेब्रुवारी व तहाची १३ एप्रिल अशी सामान्यतः देतात. या दोन्ही बहुधा जुन्या, ज्यूलियन गणनेच्या असाव्यात. ११ दिवस मिळवल्यास त्या आजच्या गणनेने १० मार्च व २४ एप्रिल येतात. म्हणजे भेट फाल्गुन शुद्धाच्या आरंभी (शके १६५२) आणि तह चैत्र वद्याच्या आरंभी (शके १६५३). हा फरक न धरल्यास भेट माघ वद्यात जाते. कोणतीही गणना घेतली तरी मधे दीड महिना उरतो व त्यात शिमगा येतो. भेटीनंतर संभाजी पाहुणे म्हणून शाहूंबरोबर निघाले; साताऱ्याच्या वाटेवर उंब्रजच्या मुक्कामी तो साजरा झाल्याचे सांगतात.

भेटीच्या वर्णनांनुसार दोघे हत्तींवरून आले, मग घोड्यांवर बसले आणि जवळ येताच पायउतार झाले. संभाजींनी शाहूंच्या पायांवर डोके ठेवले. शाहूंनी त्यांना उठवून आलिंगन दिले. काही अभ्यासक यात मांडलिकत्वाची कबुली पाहतात. परंतु दोघेही छत्रपती, आणि धाकट्या भावाने थोरल्याच्या पाया पडण्यात कमीपणा नव्हता. तेव्हा ही नात्याची रीत मानणे अधिक सयुक्तिक. पराभूतास मान खाली न घालता तहास बसता आले, ते पाहुणचाराच्या या आठवड्यांमुळे.

तहाने वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला. मिरज प्रांत साताऱ्याकडे आला. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी, असेही ठरले. शाहूंच्या निधनापर्यंत (१७४९) दोन्ही गाद्यांत पुन्हा मोठी लढाई झाली नाही.