ब्लेनिम पार्कची गोल फेरी

ब्लेनिम पार्कची गोल फेरी म्हणजे इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये वुडस्टॉक गावातून निघून ब्लेनिम पॅलेसच्या जुन्या जहागिरीतली कुरणं, तलाव आणि झाडी पाहत परत त्याच गावात आणून सोडणारी पायवाट. इंग्लंडमध्ये अशा फेऱ्या पुष्कळ आहेत, पण एकच करायची असेल तर ही करावी, कारण शिकारीचं राजरान, सरदाराची जहागीर आणि सर्वसामान्य माणसाचा वाटेवरचा हक्क हे तिन्ही इथे एका सकाळी पायाखालून जातं.

हे मुळात राजाचं शिकारीचं रान. पहिल्या हेन्रीने बाराव्या शतकात त्याला दगडी भिंत घातली आणि आत सिंह, उंट, साळिंदर असले परदेशी प्राणी ठेवले होते. पुढे १३ ऑगस्ट १७०४ ला मार्लबरोचा ड्यूक जॉन चर्चिल याने डॅन्यूबकाठी ब्लेनिमच्या लढाईत फ्रेंच आणि बव्हेरियन फौजेचा पराभव केला, तेव्हा ॲन राणीने खूश होऊन ही जागा त्याला बक्षीस दिली. राजवाड्याचं काम १७०५ ला सुरू झालं, आर्किटेक्ट जॉन व्हॅनब्रू आणि जोडीला निकोलस हॉक्समूर. जागेचं भाडं म्हणून ड्यूकच्या घराण्याने दरवर्षी लढाईच्या दिवशी विंडसरला राजाकडे एक झेंडा पोचवायचा असतो, ती पद्धत अजून चालू आहे.

गावातून आत शिरलं की आधी क्वीन पूल नावाचा तलाव लागतो आणि त्याच्या कडेकडेने चालत ग्रँड ब्रिजच्या उत्तर टोकाला येतो. इथे थांबाच. समोर पाणी, पाण्यात पुलाची भली मोठी कमान, पलीकडे चढावर राजवाडा, हे सगळं इतकं सहज वाटतं की देवानेच असं मांडून ठेवलंय असं वाटावं, पण यातलं जवळजवळ सगळं माणसाने केलेलं आहे. व्हॅनब्रूने पूल बांधला तेव्हा खाली ग्लाइम नावाची छोटीशी नदी, म्हणजे एवढ्या कमानीखालून ओढ्याएवढं पाणी. पुलाच्या पोटात तीसेक खोल्या काढलेल्या. ड्यूकची बायको सारा या खर्चावर भयंकर चिडलेली, तिचं आणि व्हॅनब्रूचं शेवटपर्यंत जमलं नाही. मग १७६० च्या दशकात बागा आणि उद्यानं आखणारा लान्सलॉट ब्राउन आला, ज्याला सगळे केपेबिलिटी ब्राउन म्हणायचे, त्याने खाली बांध घालून नदी अडवली, पाणी चढलं, पुलाचा खालचा भाग आणि त्यातल्या खोल्या बुडाल्या आणि पूल एकदम बरोबर दिसायला लागला! आत्ता दिसतो तो तलाव सगळा त्या एका बांधाचा.

पुलाच्या याच बाजूला एक दगड आहे, जुन्या वुडस्टॉक राजवाड्याची जागा दाखवणारा. पहिली एलिझाबेथ राणी होण्याआधी १५५४-५५ मध्ये इथेच नजरकैदेत होती. ते अवशेष ठेवा, दृश्याला शोभा येईल, असं व्हॅनब्रूने लेखी कळवलं होतं, पण साराने पाडून टाकले. मला याचं अजून वाईट वाटतं. तिथून काठाने थोडं पुढे गेलं की रोझामंडची विहीर: दगडी भिंतीतून झरा बाहेर येतो आणि खालच्या चौकोनी कुंडात पडतो, बस्स एवढंच. दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी रोझामंड क्लिफर्ड हिच्या नावावर ती आहे.

मग चढ चढून विजयस्तंभ. उंची १३४ फूट, वर रोमन सेनापतीच्या वेशातला ड्यूक, पायथ्याशी कोरलेला लांबलचक मजकूर, पूर्ण झाला १७३० मध्ये. इथून उत्तरेला डिचली गेटकडे ग्रँड ॲव्हेन्यू सरळ रेषेत जातो. इथली जुनी एल्म झाडं १९७० च्या दशकात डच एल्म रोगाने गेली, आताची रांग लाइमची (लिंबू नव्हे, लिंडन) आहे. पुढे एकमन स्ट्रीट हा रोमन रस्ता पार्कला आडवा छेद देतो आणि तो कळला नाही तर सहज ओलांडून जाल, म्हणून नकाशा उघडून चाला. मोकळ्या कुरणातली झाडं जरा निरखून बघा, पानांची खालची कड पट्टी ठेवून कापल्यासारखी सरळ दिसते, कारण गुरांची मान जिथवर पोचते तिथवरचा पाला ती खातात आणि वरचा राहतो. नैऋत्येला हाय पार्कमध्ये तर कित्येक शतकांचे ओक आहेत, युरोपात एका जागी इतके जुने ओक फार कमी ठिकाणी आहेत, पण ही फेरी त्या बाजूला जात नाही.

राजवाडा आणि बागा बघायला तिकीट लागतं, या पायवाटेला लागत नाही. इंग्लंडमध्ये जी वाट सार्वजनिक म्हणून काउंटीच्या अधिकृत नकाशावर चढलीय ती जमीनमालकाला आपल्या मर्जीने बंद करता येत नाही, मग मालक ड्यूक का असेना. हे नकाशे १९४९ च्या कायद्याने आले आणि त्यामागे लोकांनी केलेली मोठी धडपड आहे, १९३२ मध्ये किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो लोक बंदी मोडून चढले आणि काहीजण तुरुंगात गेले. हक्क मात्र वाटेपुरताच, वाट सोडून मध्ये घुसणं बरोबर नाही. वाटेवरच्या खुणांमध्ये पिवळा बाण चालणाऱ्यांसाठी, निळा बाण घोडे आणि सायकलींसाठीही.

रमतगमत दोन-तीन तास लागतात, डिचली गेटपर्यंत गेलात तर जास्त. हिवाळ्यात चिखल घोट्यापर्यंत येतो, गमबूट घाला. वसंतात मेंढ्यांची पिल्लं असतात, कुत्रा पट्ट्याला बांधूनच न्या आणि फाटक मागे लावून घ्या. ऑक्सफर्डहून वुडस्टॉकला बस आहे, त्यामुळे तिथे शिकणाऱ्या मराठी मुलांना गाडी नसली तरी रविवारी हे सहज जमतं. पाय दुखत नसतील तर पार्कच्या दक्षिणेला ब्लेडन गाव आहे, तिथल्या चर्चच्या आवारात विन्स्टन चर्चिलची कबर आहे, त्याचा जन्म याच राजवाड्यात १८७४ मध्ये झाला होता.