घरच्या लॅपटॉपवर वेब सर्व्हर: पीएचपी शिकणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

बीसीए, डिप्लोमा किंवा बीएस्सी कॉम्प्युटरचं वर्ष सुरू झालं की आमच्या दुकानात हमखास विचारणा होते, "पोराला सर्व्हर लागणार म्हणे, केवढ्याला पडेल?" फुकट पडेल. सर्व्हर म्हणजे वेगळं यंत्र नव्हे. मागितलेलं पान ब्राउझरला काढून देणारा तो एक प्रोग्राम आहे आणि तुमच्या आहे त्याच लॅपटॉपवर तो चालतो. चार जीबी रॅम आणि सी ड्राइव्हवर दोनेक जीबी मोकळी जागा असली की भागतं. होस्टिंग (साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) किंवा डोमेन (साइटचं नाव) विकत घ्यायची शिकतानाच्या काळात गरज नाही. कोणी गळ्यात मारत असेल तर आधी आम्हाला विचारा.

हे सगळं का लागतं? साधं एचटीएमएल पान ब्राउझर स्वतःच वाचतो. पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेचं तसं नाही. तो कोड आधी सर्व्हरवर चालतो आणि ब्राउझरकडे फक्त त्याचं उत्तर जातं. म्हणून पीएचपीच्या फाइलवर डबल-क्लिक केलं की एक तर ती उघडत नाही किंवा कोड जसाच्या तसा समोर येतो. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात मोठी, आणि बिघाड म्हणावा तर काहीच नसतो.

काय बसवायचं

विंडोजवर आम्ही झॅम्प सुचवतो. अपाचे हा सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस (माहिती साठवणारा प्रोग्राम) आणि पीएचपी असं सगळं त्यात एकत्र येतं. अपाचे फ्रेंड्सच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. शोधात वर दिसणाऱ्या भलत्याच साइटवरून नको. फाइल दीडशे एमबीच्या आसपास आहे. बसवताना पर्यायांची यादी येते. त्यात अपाचे, मायएसक्यूएल, पीएचपी आणि पीएचपीमायअ‍ॅडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) एवढ्यांवर खूण ठेवा, फाइलझिला, मर्क्युरी, टॉमकॅट काढून टाका. जागा सी ड्राइव्हमधलं झॅम्प फोल्डर हीच राहू द्या. प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलं की विंडोज परवानग्यांवरून अडवत बसतं.

मग झॅम्पचं कंट्रोल पॅनेल उघडून अपाचेसमोरचं स्टार्ट दाबा. नाव हिरवं झालं की सर्व्हर चालू. डेटाबेस हवा असेल तर खालच्या ओळीतलं स्टार्टही दाबा. तिथे अजून मायएसक्यूएल लिहिलेलं असलं तरी आत २०१५ पासून मारियाडीबी आहे. शिकण्यापुरता दोन्हींत फरक जाणवत नाही.

पहिली फाइल

झॅम्पच्या फोल्डरात एचटीडॉक्स नावाचं फोल्डर असतं. तुमचं सगळं काम त्याच्या आतच हवं. त्यात सराव नावाचं फोल्डर करा. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. नोटपॅडमधून सेव्ह करताना खालचा प्रकार बदलून 'ऑल फाइल्स' करा. नाही तर नोटपॅड गुपचूप शेपटाला टीएक्सटी चिकटवतं, विंडोज ते शेपूट दाखवत नाही आणि मग फाइल डोळ्यांसमोर असूनही सर्व्हर 'सापडत नाही' म्हणतो. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइलनावाची एक्स्टेन्शन दिसतील असं एकदाच करून ठेवा.

आता ब्राउझरच्या पत्त्यात लोकलहोस्ट, तिरकी रेघ, सराव, पुन्हा तिरकी रेघ आणि फाइलचं नाव टाका. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, अर्थात तुमचाच लॅपटॉप. याला इंटरनेट लागत नाही. वायफाय बंद करून पाहा, पान येईलच.

पानावर मराठी लिहायचं असेल तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सेव्ह करा आणि डेटाबेस बनवतानाच कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा पर्याय) यूटीएफ८एमबी४चं निवडा. हे राहिलं तर फॉर्ममध्ये भरलेल्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि एकदा तशी साठवली गेलेली नावं परत मिळत नाहीत.

अपाचे सुरूच होत नाही

पोर्ट म्हणजे एसटी स्टँडवरचा फलाट समजा, एका वेळी एकच गाडी. अपाचेला ८० आणि ४४३ हे दोन लागतात. त्यांतला एखादा दुसऱ्या प्रोग्रामने, बहुतेकदा विंडोजच्याच आयआयएस या वेब सर्व्हरने, धरून ठेवलेला असला तर पॅनेलमध्ये लाल अक्षरांत तसं येतं. ८० अडला असेल तर अपाचेसमोरच्या कॉन्फिगमधून एचटीटीपीडी डॉट कॉन्फ उघडा, 'लिसन ८०' या ओळीत ८०८० करा, सेव्ह करून पुन्हा स्टार्ट द्या. त्यानंतर पत्त्यात लोकलहोस्टपुढे कोलन देऊन ८०८० लिहावं लागतं. ४४३ साठी बदल एसएसएलच्या वेगळ्या फाइलमध्ये आहे; तो आमच्याकडून करून घेतलात तरी चालेल.

डेटाबेस जपा

लाइट जाते, बॅटरी उतरलेली असते, लॅपटॉप धाडकन बंद पडतो. अपाचेला त्याने काही होत नाही, डेटाबेसच्या फाइली मात्र खराब होऊ शकतात. काम संपलं की आधी दोन्हींना स्टॉप द्या, मग शटडाउन करा. आठवड्याला एकदा पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्सपोर्ट करून ती फाइल आणि एचटीडॉक्समधलं तुमचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. नुसतं डेटाबेसचं डेटा फोल्डर कॉपी करून ठेवणं पुरेसं नाही; त्यातून टेबलं परत उभी करताना नाकी नऊ येतात.

झॅम्पमध्ये डेटाबेसच्या रूट, म्हणजे मुख्य, खात्याला पासवर्ड नसतो. घरात सरावाला ते ठीक. पण राउटरमध्ये पोर्ट उघडून हा सर्व्हर बाहेरच्या जगाला दाखवायचा खटाटोप करू नका. मित्राला प्रोजेक्ट दाखवायचा असेल तर त्याला घरी बोलवा.

आमच्याकडून घेतलेल्या लॅपटॉपवर हे सगळं आम्ही विनामूल्य बसवून देतो. अडचण घेऊन येताना पॅनेलमधल्या लाल ओळींचा मोबाइलवर फोटो काढून आणा, तोवर झॅम्प काढून पुन्हा टाकू नका, आणि चार्जर सोबत ठेवा.