जन्माच्या कागदपत्रांतील ‘डिलिव्हर’ : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्हिसासाठी, वारसाहक्कासाठी किंवा परदेशातील नागरिकत्वासाठी जन्माच्या कागदपत्रांचे भाषांतर करून घ्यायला आपण आमच्या कार्यालयात येता, तेव्हा एका इंग्रजी क्रियापदापाशी आम्ही हमखास थांबतो आणि आपल्याला प्रश्न विचारतो. ते क्रियापद म्हणजे ‘डिलिव्हर’. आपल्या घरांत ‘डिलिव्हरी’ हा शब्द इतका रुळला आहे की त्यात विचारण्यासारखे काही असेल असे वाटत नाही. मात्र त्या क्रियेचा कर्ता कोण आणि कर्म कोण, यावर संपूर्ण वाक्याचा अर्थ फिरतो.

मुक्त करणे या अर्थाच्या ‘लिबेरारे’ या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यामुळे जुन्या इंग्रजीत या क्रियेने सुटका होत असे ती आईची. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये मरियेचे दिवस भरल्याचे सांगताना हेच क्रियापद कर्मणी रूपात, आईला उद्देशून आले आहे. मराठी माणसाला ही कल्पना मुळीच परकी नाही, कारण ‘सुखरूप सुटका झाली’, ‘ती मोकळी झाली’ असे आपल्याकडेही म्हणतात. जुन्या इस्पितळी नोंदींत ‘वॉज डिलिव्हर्ड ऑफ अ फीमेल चाइल्ड’ असे आढळले, तर त्याचा अर्थ ‘मुलीला जन्म देऊन प्रसूत झाली’ एवढाच असतो. तिथल्या ‘ऑफ’च्या जागी कोणी ‘टू’ वाचले की स्वाधीन केल्याचा अर्थ निघतो, आणि दत्तकविधान किंवा पालकत्व यांचा प्रश्न असलेल्या प्रकरणात अशी चूक फार महागात पडू शकते.

आजच्या इंग्रजीत आईही ‘डिलिव्हर’ करते आणि डॉक्टर किंवा सुईणही. ‘डिलिव्हर्ड बाय’ या शब्दांनंतर कधी व्यक्ती येते, तर कधी शस्त्रक्रियेसारखी पद्धत. प्रसूतीच्या टिपणात ‘प्लासेंटा डिलिव्हर्ड’ असे लिहून पुढे वेळ दिलेली असेल, तर ती वार पडल्याची वेळ होय. ती बाळाची जन्मवेळ समजू नये.

सर्वांत जास्त काळजी आम्हाला घ्यावी लागते ती मराठीतून इंग्रजीत जाताना. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा आहे; त्यापूर्वी घरी जन्मलेल्या अनेकांची नोंदच सापडत नाही आणि मग नोंद उपलब्ध नसल्याच्या दाखल्याला आईचे किंवा एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. त्या प्रतिज्ञापत्रात ‘माझे बाळंतपण माझ्या आईने केले’ असे एक साधे, खरे वाक्य असते. मराठीत बाळंतपण म्हणजे केवळ प्रसूती नव्हे. त्यानंतरचा सव्वा महिना, शेकशेगडी, तेलमालीश, डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊमाखू घालणे हे सारे त्या एका शब्दात येते. म्हणून मूल शहरातल्या इस्पितळात जन्मले असले तरी आई ‘बाळंतपण माहेरी झाले’ असे निःशंकपणे सांगते. या वाक्यात ‘डिलिव्हर’ घातले, तर इंग्रजी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आजीनेच प्रसूती केली असे वाटेल किंवा जन्मस्थान म्हणून माहेरचे गाव गृहीत धरले जाईल, आणि दाखल्यावरचे ठिकाण निराळे निघाले की कागद शंकास्पद ठरेल. अशा वेळी प्रसूती कोठे झाली, ती कोणी केली आणि नंतरची शुश्रूषा कोणी केली, हे तीन प्रश्न आम्ही वेगवेगळे विचारतो. त्यांत कृपया खाजगी चौकशी मानू नये.

प्रसूतींची संख्या आणि मुलांची संख्याही एकच नसते. जुळे झाले तर प्रसूती एक आणि जन्म दोन. बाळ मृत जन्मले तरी इंग्रजीत ‘डिलिव्हर्ड’ असेच लिहितात. मूल जिवंत होते की नाही, हे त्या क्रियापदावरून कळत नाही. अशी नोंद समोर आली तर ती आम्ही कुटुंबातील एकाच व्यक्तीशी, शांतपणे बोलून समजून घेतो. तपासणीच्या कार्डावरील ‘ई. डी. डी.’ ही केवळ प्रसूतीची अपेक्षित तारीख असून ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढलेली असते. ती जन्मतारीख म्हणून आम्ही लिहीत नाही.

येताना मूळ कागद किंवा त्याची स्वच्छ, पूर्ण प्रत आणावी. मागच्या बाजूला शिक्का अथवा शेरा असल्यास तीही बाजू आणावी. प्रतिज्ञापत्र अद्याप झाले नसेल, तर मजकूर नोटरीकडे नेण्याआधी आम्हाला दाखवावा, कारण सही झाल्यानंतर आम्हाला त्यातील शब्द बदलता येत नाही, जसा आहे तसाच भाषांतरित करावा लागतो. शक्य असल्यास प्रतिज्ञापत्र करणाऱ्या आईंना किंवा आजींना सोबत आणावे, आणि येणे अवघड असेल तर त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे करून द्यावे.